छडी, शास्त्र आणि अज्ञान पक्षकार

इ. स. २००५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या लॉर्ड सभेने, म्हणजे त्या काळच्या तेथील सर्वोच्च न्यायासनाने, एका चमत्कारिक प्रकरणाचा निकाल दिला. विल्यमसन प्रकरण या नावाने ते ओळखले जाते. अर्जदार होते काही खाजगी ख्रिस्ती शाळांतील शिक्षक आणि पालक. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास पार्लमेंटने बंदी केली होती; ती बंदी आमच्या धर्मस्वातंत्र्याच्या आड येते, असे त्यांचे म्हणणे. छडी आवरून धरणारा बाप मुलाचा वैरीच होय, या आशयाचे बायबलातील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातले वचन त्यांनी पुढे केले. त्यांची शिक्षा रागाच्या भरातली नव्हती. मुलग्यांस रुंद चपट्या फळीने, मुलींस हातावर पट्ट्याने मारावयाचे. मग शिक्षकाने मुलाचे सांत्वन करावे, त्यास सावरण्यास अवधी द्यावा, प्रार्थना करण्यास सांगावे, असा सारा विधीच ठरलेला होता.

न्यायासनाने एकमताने अर्ज फेटाळला. अर्जदारांच्या श्रद्धेविषयी शंका कोणी घेतली नाही. मात्र बालकांच्या रक्षणासाठी त्या श्रद्धेच्या आचरणास मर्यादा घालण्याचा पार्लमेंटचा अधिकार मान्य झाला. आम्हांस निकालाहूनही मोलाचा वाटतो तो बॅरोनेस हेल यांनी नोंदविलेला मुद्दा. वाद मुलांविषयीचा, पण खालपासून वरपर्यंत एकाही न्यायालयात मुलांच्या वतीने बोलणारा कोणी उभा नव्हता. सरकार बोलले, पालक बोलले, शिक्षक बोलले.

धर्मशील, प्रेमळ माणूस लेकरावर हात उगारतो तो दुष्टपणाने, असे मानणे सोपे आहे आणि चूक आहे. मनुष्य जन्मतःच पापाकडे कललेला, सबब बालवयातच त्याची स्वेच्छा नमविली पाहिजे, हा विचार ख्रिस्ती परंपरेत दीर्घकाळ रुजलेला होता. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या मातोश्री सुझॅना यांनी १७३२ साली पुत्राला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुले वर्षाची होताच त्यांना छडीचे भय आणि हळू आवाजात रडणे शिकविले, असे त्या सांगतात. परंतु याच माउलीचा दंडक असा की, अपराध मोकळेपणी कबूल करून सुधारण्याचे वचन देणाऱ्या मुलास मार द्यावयाचा नाही, आणि एका अपराधाबद्दल दोनदा शिक्षा करावयाची नाही. प्रत्येक मुलाशी एकांतात बोलण्यासाठी आठवड्यातली एक वेळ त्यांनी राखून ठेवली होती. छडी आणि हा एकांत एकाच हृदयातून आले आहेत. आजचे सौम्य पालकत्वाचे ख्रिस्ती पुरस्कर्ते छडी टाकून एकांत ठेवा म्हणतात, त्यांना वारसा नाही असे कसे म्हणावे?

या मंडळींचा एक युक्तिवाद मात्र वकील म्हणून आम्हांस लंगडा वाटतो. ‘नीतिसूत्रां’तील छडीसाठी असलेला ‘शेबेट’ हा हिब्रू शब्द तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी येतो. मेंढपाळ काठीने मेंढरे मारीत नाही, वळवितो. म्हणून छडीचा अर्थ मार्गदर्शन. अर्थ रमणीय आहे, पण त्याच ग्रंथात छडीने मारण्याचा उपदेश स्पष्ट शब्दांत आहे, आणि स्पष्ट शब्दांपुढे शब्दकोश चालत नाही. खरा आधार अन्यत्र आहे. ज्या रोमन कायद्याने पित्याला अपत्यावर जवळजवळ अमर्याद सत्ता दिली होती, त्याच कायद्याच्या छायेत पौलाच्या नावे असलेली इफिसकरांस व कलस्सैकरांस पत्रे लिहिली गेली. मुलांना आज्ञापालन सांगून ती थांबत नाहीत; बापांनाही बजावतात की मुलांना चिडवू नका, त्यांचे मन खचवू नका. सत्ताधीशालाच कर्तव्य लावून देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. आणि मार्कच्या शुभवर्तमानात येशू रागावतो तो मुलांवर नव्हे, त्यांना हुसकावणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या शिष्यांवर!

हे परक्यांचे शास्त्र म्हणून आपण बाजूला बसावे असे नाही. पाच वर्षे लालन, दहा वर्षे ताडन, आणि सोळाव्या वर्षी मित्रत्व, हा हिशेब आपल्याही घरोघर पाठ आहे. श्यामच्या आईने पोहण्यास भिणाऱ्या श्यामला शिमटीने मारले, ते वाचून आपले डोळे पाणावतात. त्या पाण्यात आईची माया किती आणि मुलाचा मार किती, हे आपण वेगळे करीत नाही.

या पानांच्या वाचकांस देवस्थानाचा कारभार परिचित आहे, म्हणून एक दाखला देतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली विश्वनाथ विरुद्ध श्री ठाकूर राधावल्लभजी या खटल्यात म्हटले की, देवमूर्तीची स्थिती अज्ञान व्यक्तीसारखी असते. कारभारीच तिच्या हिताविरुद्ध वागला, तर साध्या भक्तालाही तिच्या वतीने दावा आणता येतो. मूर्तीचा कारभारी मालक नव्हे, हे आपणांस कळते. मूल ही देवाची ठेव, आईबाप तिचे विश्वस्त, असे ख्रिस्ती विचारही सांगतो. मग विश्वस्ताने हिशेब कोणाला द्यावा, एवढेच ठरावयाचे राहते. आदराने वाढविणे म्हणजे हट्ट पुरविणे नव्हे. विश्वस्ताला ‘नाही’ म्हणावेच लागते. पण कारण सांगून म्हणावे, आणि ज्याला म्हणावयाचे त्याचे आधी ऐकून घ्यावे, हा तर कोर्टातला पहिला नियम आहे.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील मारास आणि मानसिक छळास बंदी केली. हे कलम शाळेच्या फाटकापाशी थांबते. घरात बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्यास जुन्या दंडसंहितेचे एकोणनव्वदावे कलम संरक्षण देत असे. तेच संरक्षण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या सत्ताविसाव्या कलमात आले आहे. स्कॉटलंडने २०२० साली आणि वेल्सने २०२२ साली वाजवी शिक्षेची ही सबब आईबापांकडूनही काढून घेतली. सद्भावना होती की नव्हती याची साक्ष आपल्याकडे बहुधा मारणाराच देतो, आणि उलटतपासणी घेणारे मूल त्या वेळी दुसऱ्या खोलीत, हळू आवाजात रडत असते.