परदुःखाचा आस्वाद आणि वाचकाचे ऋण

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (साहित्य अकादेमी पुरस्कार, २००४) आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (साहित्य अकादेमी पुरस्कार, २०२३) या कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या की एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. कोरडवाहू शेतीत मोडत जाणाऱ्या कुटुंबाची आणि धरणाने उठवलेल्या माणसांची हकिगत आपण रस घेऊन वाचतो. पुस्तक मिटताना एक प्रकारचे समाधानही पावतो. या समाधानाला नैतिक अधिष्ठान कोणते?

संस्कृत साहित्यशास्त्राने करुणाच्या आनंदरूपतेचा उलगडा साधारणीकरणाच्या आधारे केला. शोक अमुक एका व्यक्तीचा राहत नाही, म्हणून तो आस्वाद्य होतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील जी सात विघ्ने सांगितली, त्यांत स्वगत वा परगत अशा विशिष्ट देशकालात गुंतून पडणे हे एक आहे. ते दूर झाल्यावाचून चर्वणा संभवत नाही. रामाच्या वा सीतेच्या शोकाविषयी ही उपपत्ती समाधानकारक ठरते, कारण त्या शोकाशी प्रेक्षकाचा व्यवहाराचा संबंध नसतो.

उपरोक्त कादंबऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील दुःखाला ठावठिकाणा आहे. शिकूनही नोकरीसाठी पैसे मोजता न आल्यामुळे शेतीत अडकून पडलेला ‘बारोमास’मधील एकनाथ ज्या शेतमालाच्या भावाने नाडला जातो, त्याच भावाने शहरी वाचकाचे धान्य स्वस्त होते. धरणाचे पाणी कोणाच्या तरी नळाला येते. अशा वेळी देशकालविशेष पुसून टाकणे म्हणजे आपला हिशेबच पुसून टाकणे होय. शास्त्राने ज्याला विघ्न म्हटले, तेच येथे वाचकाच्या सदसद्विवेकाचे शेवटचे ठाणे ठरते.

या संदर्भात न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’ पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे. १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी मांडलेल्या या कल्पनेनुसार वाचक परभूमिकेत शिरतो, पण त्याचे स्वत्व लोपत नाही. केळकरांना ही कल्पना आनंदाच्या मीमांसेसाठी हवी होती. तिचा नैतिक अर्थ मात्र त्याहून अधिक गंभीर आहे. न लोपलेले हे स्वत्व वाचकाचे सुरक्षित आसनही होऊ शकते आणि त्याच्या ऋणाची जाणीवही.

यावर एक आक्षेप संभवतो. वाचकाला अपराधी ठरवणे हे कादंबरीचे प्रयोजन मानले तर ती प्रचाराच्या पातळीवर येईल. शिवाय अपराधभावाचाही आस्वाद घेता येतोच. चार अश्रू ढाळून स्वतःला संवेदनशील ठरवणारा वाचक आपल्याला अपरिचित नाही. हा आक्षेप सबळ आहे. म्हणूनच वाचक किती हेलावला, हा निकष पुरेसा नाही. कादंबरीतील माणूस आपल्या दुःखाहून अधिक काही उरतो की नाही, हे पाहावयास हवे.

या कसोटीवर ‘रिंगाण’ प्रस्तुत लेखकाला अधिक मोलाची वाटते. विस्थापनात मागे राहून रानटी झालेल्या म्हशीच्या शोधात तिचा नायक जुन्या मुलखात परततो. ज्याला उठवले गेले, त्यानेही कोणाला तरी मागे सोडलेले आहे. त्यामुळे तो केवळ दयेचा विषय राहत नाही. तो स्वतःच ऋणको आहे. आणि म्हैस त्याला सहजी वश होत नाही, तशी ती वाचकाच्या प्रतीकशोधक बुद्धीलाही होत नाही. ‘बारोमास’मध्ये तपशिलाची समृद्धी मोठी आहे; पण आपत्ती एकामागून एक येत राहिल्याने वाचकाची करुणा काही ठिकाणी सरावाची होते. तिच्यातील घरातली भांडणे मात्र हा सराव मोडतात, कारण तेथे पीडित माणसे एकमेकांना पीडा देताना दिसतात.

तेव्हा परदुःख वाचण्याचा अधिकार वाचकाला आहे काय, असा प्रश्न न विचारता, ते वाचून तो काय फेडावयास तयार आहे, असे विचारणे योग्य होईल. कादंबरी हे ऋण फेडून देऊ शकत नाही. ते फिटले, असा भ्रम तिने निर्माण करू नये, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.