हौदा सगळ्यांचा

कोल्हापुरातल्या तालमींत भल्या पहाटे दिवे लागलेले असतात. चपला उंबऱ्याबाहेर राहतात. पोरं मारुतीला हात जोडतात, चिमूटभर तांबडी माती कपाळाला लावतात आणि मगच कुस्तीच्या हौद्यात उतरतात.

या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरलेला असतो. ती खोऱ्यानं उकरून मऊ ठेवावी लागते, नाहीतर पाठ टेकताच हाडं बोलतात. उकरायची कुणी? ज्यांना खेळायचं आहे त्यांनी. घरी किती एकर ऊस आहे, हे तिथं विचारत नाहीत. हौदा सगळ्यांचा असतो.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान उभं केलं. पण तालीम रोज चालते ती पेठेतल्या माणसांच्या वागण्यावर. वस्ताद ओरडतात, कधी जरा जास्तच! तरी लढत संपली की हात मिळवूनच बाजूला व्हायचं, हे लहानगाही शिकतो.

आपल्या सोसायटीच्या जिममध्ये मात्र पाट्याच पाट्या. वजनं जागेवर ठेवा. घाम पुसा. आणि पाटी टांगणाराच कधीकधी डंबेल्स तशीच टाकून जातो.

हौदा सगळ्यांचा असतो, श्रोतेहो. आज व्यायामाला जाल, तेव्हा आपण उचललेलं वजन तेवढं जागेवर ठेवून या.