विद्येचे वेतन

विद्यापीठांतील रिकाम्या जागांच्या जाहिराती वाचताना एक जुना प्रश्न मनात उभा राहतो. ज्ञानोपासना हेच ज्याचे जीवितकार्य, त्याने पगाराचा आकडा पाहावा काय? आपल्याकडे याचे उत्तर बहुधा ठरलेले असते: विद्या हे व्रत आहे, आणि व्रतस्थाने द्रव्याकडे दृष्टी ठेवू नये. हे उत्तर ऐकावयास गोड आहे. परंतु ते कोणाच्या मुखातून येते, यावर त्याची योग्यता अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते.

कलकत्त्याची दोन उदाहरणे या बाबतीत मनन करण्याजोगी आहेत. चंद्रशेखर व्यंकट रामन सरकारी हिशेब खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. सर आशुतोष मुकर्जी यांनी त्यांस कलकत्ता विद्यापीठातील पालित अध्यापकपद देऊ केले, तेव्हा १९१७ साली अधिक पगाराची ती नोकरी सोडून ते संशोधनाकडे वळले. हे उदाहरण व्याख्यानांतून नेहमी सांगितले जाते. दुसरे तितके सांगितले जात नाही. १८८५ साली जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. हिंदी अध्यापकास त्या काळी युरोपियनाच्या दोनतृतीयांश वेतन मिळे. बोसांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मे. घरी वडिलांच्या कर्जाचे ओझे होते. तरी तीन वर्षे त्यांनी शिकविण्यात कसूर केली नाही आणि त्या पगाराला हातही लावला नाही. अखेर सरकारने पूर्ण वेतन मागील बाकीसह चुकते केले.

यांपैकी विद्येचा खरा उपासक कोणता? आमच्या मते दोघेही. एकाने अधिक सोडले, दुसऱ्याने कमी घेतले नाही. पण निर्णय दोघांचा स्वतःचा होता. त्याग हा करावयाचा असतो, करवून घ्यावयाचा नसतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या त्यागास अन्याय हेच नाव योग्य.

कोणी म्हणेल, आमची पुण्याची महाविद्यालये अल्प वेतनावरच उभी राहिली. गोखल्यांसारखा पुरुष फर्ग्युसनमध्ये दरमहा पंचाहत्तर रुपयांवर राबला. खरे आहे. परंतु ते आजीव सभासद होते. संस्थेचा कारभार त्यांच्याच हाती होता. मालकाने आपल्या घरासाठी उपास काढणे वेगळे आणि गड्यास उपाशी ठेवणे वेगळे.

आज काय दिसते? सातव्या वेतन आयोगानंतर सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. वर भत्ते, रजा इत्यादी सवलती. अतिथी अध्यापकासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली व्याख्यानामागे १,५०० रुपये आणि महिन्यास फार तर ५०,००० अशी मर्यादा घातली. भत्ते, रजा, निवृत्तिवेतन काहीच नाही. पात्रता मात्र दोघांची एकच.

येथे हानी केवळ त्या अध्यापकाची नाही. तासाने व्याख्यान मोजता येते, संशोधन मोजता येत नाही. फसलेल्या प्रयोगाचा, ग्रंथालयात गेलेल्या दुपारीचा, नुसत्या विचारात घालविलेल्या रात्रीचा मोबदला तासाच्या हिशेबात कोठे बसावा? ज्यास पुढील सत्राची शाश्वती नाही, तो दहा वर्षांनी फळ देणारा प्रश्न हाती घेणार नाही. आणि असे प्रश्न हाती घेण्यासाठीच तर विद्यापीठे असतात.

म्हणून संशोधनाकडे वळणारा मुलगा किंवा मुलगी जागेची मुदत, वेतन व निवृत्तीची सोय विचारू लागली, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यास लोभ समजू नये. व्रत ज्याचे त्याने घ्यावे. त्याचे वेतन देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.