ध्रुवाच्या वाटेवरचे नारद




ध्रुवाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पाच वर्षांच्या लेकराला सावत्र आई सुरुचीने वडिलांच्या मांडीवर बसू दिलं नाही, वर नको नको ते बोलली. उत्तानपाद राजा समोर असून गप्प राहिला. पोर घर सोडून निघालं. इथून आपण थेट अढळपदावर पोचतो. वाटेत भेटलेले नारदमुनी मात्र राहून जातात.

भागवताच्या चौथ्या स्कंधात बघा. नारदांनीही आधी आपल्यासारखंच सांगितलं की बाळा, अपमान मनावर घेऊ नकोस, परत फिर. पण ध्रुवाने मनातलं दुःख बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी हट्ट सोडला. यमुनेकाठचं मधुवन सांगितलं, मंत्र दिला, तिथे कसं राहायचं तेही समजावलं. मग स्वतः राजाकडे गेले. मुलाला ओढत बरोबर नेलं नाही.

आज आपल्याही दाराशी अशी एखादी भाची, शेजारचा मुलगा, सत्संगातली कॉलेजकन्या येऊ शकते. अंगावर वळ असतात आणि आपण म्हणतो, "आईवडीलच ते, रागावणारच." मातृपितृभक्ती आपल्याला प्रिय आहेच. पण मुकाट मार खाणं म्हणजे भक्ती नव्हे. प्रल्हादाच्या गोष्टीत देव खांबातून आला तो मुलासाठी, बापाची बाजू घ्यायला नाही.

म्हणून आधी जेवू घाला, झोपू द्या. खोदून खोदून विचारू नका. मूल अठराच्या आतलं असेल तर गुपचूप ठेवून घेऊ नका, 1098 वर फोन करा. ते लोक 24 तासांत बालकल्याण समितीपुढे नेतात. लैंगिक अत्याचार असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं आपल्यावर बंधनकारकच आहे. अठरा पूर्ण असतील तर कुठे राहायचं हे त्यांनी ठरवायचं. मुलींसाठी 181 आहे, आणि घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा सुनेइतकाच लेकीलाही लागू आहे. जिवाला धोका वाटला तर सरळ 112.

आणखी एक. "मुलगी हरवली आहे, पुढे पाठवा" असा फोटो आला की आपण लगेच दहा ग्रुपवर टाकतो. ती कशातून सुटून आली असेल, आपल्याला काय माहीत? ठावठिकाणा कळलाच तर पोलिसांना सांगा, ग्रुपवर लिहू नका.

उत्तानपादाला पश्चात्ताप झाला, ध्रुव घरी परतला. हिरण्यकशिपूला शेवटपर्यंत झाला नाही. कोणाचं घर कसं निघेल, सांगता येत नाही. म्हणून आपली मदत "आधी समेट कर" या अटीवर नसावी. कॉलेजची फी, खोलीचं भाडं, रोजचा डबा, हेच आजचं मधुवन.

ज्यांना यातलं काही देता येईल त्यांनी गुरुवारी आरतीनंतर ताईंच्या कानावर घालावं. ग्रुपवर नको.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥