पुडी बांधणारा हात

दुसऱ्याच्या आज्ञेवरून केलेल्या कृत्याचा दोष कोणाच्या माथी, हा प्रश्न फार जुना आहे. सैनिकाविषयी तो वारंवार विचारला गेला, कारकुनाविषयी क्वचित. औषध देणाऱ्या माणसाविषयी मात्र तो आपल्याकडे फारसा कोणाला सुचत नाही. कारण उघड आहे. आपल्या मनातली त्याची मूर्ती कंपाउंडरची आहे. दवाखान्याच्या खिडकीपलीकडे उभा राहून तो चिठ्ठी वाची, मिक्श्चर बाटलीत ओती आणि डोस कळावेत म्हणून खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवी. चिठ्ठी बरोबर की चूक, हे पाहणे त्याचे काम नव्हते. हात त्याचा, डोके डॉक्टरांचे.

या हाताला रुग्णालयातच वेगळे शिक्षण हवे, असे अमेरिकेत वाटू लागले त्याला आता शतक होत आले. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी १९२७ साली अशी उमेदवारी सुरू केली. आजची रेसिडेन्सी हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. माझी पुतणी सध्या तिकडे ती करीत आहे. मोठ्या विद्यापीठाच्या रुग्णालयात नव्हे, तर आसपासच्या वस्तीसाठी चालणाऱ्या एका मध्यम रुग्णालयात. फार्म.डी. पदवीनंतरचे हे एक वर्ष सक्तीचे नसते; व्यवसायाचा परवाना त्यावाचूनही मिळतो. सकाळी डॉक्टरांबरोबर फेरीला जायचे, मूत्रपिंडे अधू झालेल्या रोग्याची मात्रा बेताची करायची, व्हँकोमायसिनचे रक्तातील प्रमाण पाहून पुढचा डोस सुचवायचा, घरी निघालेल्या म्हाताऱ्याच्या जुन्या-नव्या गोळ्यांचा मेळ घालून द्यायचा, असा तिचा दिवस असतो. यात सर्वांत अवघड काय, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘औषधं तर कॉलेजातच पाठ झाली होती, काका. अवघड वाटलं ते फोन उचलणं.’’

फोन उचलायचा तो चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना सांगण्यासाठी. रात्री त्यांची झोप मोडून, पंचविशीतल्या मुलीने तीस वर्षांच्या अनुभवी माणसाला म्हणायचे, की ही मात्रा मला बरोबर वाटत नाही. मेथोट्रेक्सेट नावाचे औषध संधिवातावर आठवड्यातून एकदा देतात. ‘आठवड्याला’ऐवजी ‘रोज’ असे लिहिले गेले, तर तेच औषध हाडांतला मगज जाळून माणसाला मारू शकते. अशी माणसे मेलेलीही आहेत. लिहिणाऱ्याच्या आणि गिळणाऱ्याच्या मध्ये जे डोळे असतात, त्यांतले एक जोड औषध देणाऱ्याचे.

हे डोळे मिटून घेणे किती सोपे असते, ते १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. चार्ल्स हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाच्या योजनेप्रमाणे एका अनोळखी ‘डॉक्टरां’नी परिचारिकांना फोनवरून एक औषध २० मिलिग्रॅम द्यायला सांगितले. दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम, असे डबीवरच छापले होते. २२ जणींपैकी २१ जणी औषध घेऊन रोग्याकडे निघाल्या. औषध निरुपद्रवी होते, आणि त्यांना वाटेतच थांबवण्यात आले. या बायका निर्दय होत्या असे कोणी म्हणणार नाही. त्या आज्ञाधारक होत्या.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. जो तो शंका घेऊ लागला तर रुग्णालय चालायचे कसे? विश्वासावाचून चार माणसे एकत्र काम करू शकत नाहीत. शिवाय स्वस्त शंकेला किंमत राहत नाही. आता संगणकही प्रत्येक चिठ्ठीवर इशारे देतो. ते इतके होतात की डॉक्टर न वाचताच पुढे जातात. म्हणून शंका घेण्याइतकेच, कोणती शंका गिळावी हे शिकणे महत्त्वाचे. त्या एका वर्षाचे खरे मोल मला यातच दिसते. पुस्तकातले ज्ञान महिन्या-दोन महिन्यांत उजळता येते. विवेक मात्र जाणत्याच्या नजरेखाली, रोज एकेक निर्णय घेऊनच मुरतो.

तरीही एवढ्याने प्रश्न संपत नाही. सांगितले, पण वरिष्ठांनी ऐकले नाही, तर? द्रौपदीने सभेत प्रश्न विचारला तेव्हा धर्म सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म अडखळले. बोलला तो धाकटा विकर्ण. पोर म्हणून कर्णाने त्याला गप्प केले, आणि पुढे युद्धात तो कौरवांच्याच बाजूने लढून मेला. विकर्णाच्या हाती शब्दांपलीकडे फारसे काही नव्हते, म्हणून बोलल्यावर त्याचे कर्तव्य संपले, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. औषध देणाऱ्याला तीही सवलत नाही. सभेतला साक्षीदार बोलून मोकळा होतो. याच्या मुठीत पुडी उरतेच. पटले नाही तर मूठ न उघडणे, दुसऱ्या वरिष्ठाला उठवणे, आणि तोवर रोग्याला वाऱ्यावर न सोडणे, एवढे त्याला करावेच लागते.

आपल्याकडे १९४८ च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरचे औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच दिला. २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रमही आहे, आणि त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयात काढायचे असते. तरी भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यामागे माणूस दुसराच, असे दुकान कोणाच्या पाहण्यात नाही? गिऱ्हाइकालाही त्यात वावगे वाटत नाही. आपल्याला पुडी झटपट हवी असते. ती बांधणाऱ्याने चिठ्ठी वाचता वाचता थबकून ‘जरा थांबा, डॉक्टरांना विचारतो’ म्हटले, तर आपण घड्याळाकडे पाहतो.

आज्ञा पाळल्याने दोष धुऊन जात नाही. ज्याला कळते, त्याच्या हातून गेलेली वस्तू त्याचीही असते. पण हे ओझे त्याने एकट्याने वाहावे असे म्हणणेही अन्यायाचे. फोन उचलणारी मुलगी जितकी हवी, तितकाच झोपमोड होऊनही ‘बरे झाले विचारलेत’ म्हणणारा डॉक्टर हवा. आणि खिडकीशी पाच मिनिटे उभे राहायला तयार असलेले आपणही.