वाळल्या पानांचा माल

धाम नदीकाठच्या आंजी (मोठी) गावात एक व्यापारी कापसाची खेडा खरेदी करायचा. काटा चोख, चुकारा रोख. तरी लोक त्याच्या दारी नाइलाजानेच जात, जीभ फार तिखट होती त्याची. एकदा एक म्हातारा कास्तकार पावसात भिजलेला कवडी, म्हणजे हलक्या प्रतीचा कापूस घेऊन आला. चार माणसांदेखत व्यापारी म्हणाला, "काकाजी, कापूस आणला का गोधडीतल्या चिंध्या?" सगळे हसले. म्हाताऱ्याने मुकाट्याने गाठोडं बांधलं आणि घर गाठलं.

त्याच वर्षी व्यापारी आईला घेऊन समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर नवस फेडायला गेला. तिथे ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. बाबा १२४४ च्या सुमारास इथे येऊन राहिले, असं मानतात. हिंदू आणि मुसलमान दोघंही तिथे माथा टेकतात. टेकडीवर गोल गोल दगड विखुरलेले असतात. लाव्हारसातल्या पोकळ्यांत खनिजं साचून ते तयार झाले. आईला ठाऊक होती ती गोष्ट वेगळी.

"दोन फिरत्या व्यापाऱ्यायनं बाबाची टिंगल केली. बाबानं त्यायच्या नारळाचे, साऱ्या मालाचे गोटे करून टाकले. मंग त्यायनं पाय धरले, तं वाळल्या पानायपासून सारा माल पुन्हा करून देला. या दोन कबरी त्यायच्याच म्हणतात."

शाप देणाऱ्या साधूंच्या गोष्टी गावोगाव आहेत. इथे मला दगडांहून ती वाळली पानं मोठी वाटतात. शिक्षा केली, पण कुणाचं पोट मारलं नाही.

व्यापाऱ्याने विचारलं, "सारा माल भेटला, मंग गावाले काहून नाही गेले ते?"

"माल भेटला रे. पण ज्याले हसले, त्याचं देणं तं बाकीच होतं. म्हून राहिले चाकरीले."

आंजीला परतल्यावर व्यापाऱ्याने दिवाणजीच्या हाती म्हाताऱ्याकडे पैसे पाठवले. ते जसेच्या तसे परत आले. मग बाजाराच्या दिवशी, तेव्हा हसलेल्या चौघांना सोबत घेऊन, तो स्वतः म्हाताऱ्याच्या अंगणात गेला आणि त्यांच्यादेखत पाया पडला. "काकाजी, तुमच्या घामाले मी चिंध्या म्हणलो. चुकलो."

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कापूस कवडीच आहे, शेठ. भाव बी कवडीचाच लावा, दया नोको. पण काट्यावर तुम्ही सोता उभे राहा."

व्यापाऱ्याने गाठोडं आपल्या खांद्यावर घेतलं आणि भर बाजारातून काट्याकडे निघाला.