गुरू नजरेआड होतो, काम आपल्या हाती येते
(प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण)



आज आपण प्रभू येशूच्या स्वर्गारोहणाचा सण साजरा करीत आहोत. आजच्या पहिल्या वाचनात आपण ऐकतो की, प्रभू मेघाआड झाल्यावरही शिष्य आकाशाकडे टक लावून उभेच राहिले. शुभ्र वस्त्रे परिधान केलेल्या दोन पुरुषांनी हटकले तेव्हा ते भानावर आले. त्यांची अवस्था आपण समजू शकतो. ज्याने हाताला धरून चालविले, तोच निघून गेला. आता आजाऱ्यांच्या डोक्यावर हात कोण ठेवणार? भुकेल्यांना कोण जेवू घालणार?

आपल्यालाही वाटते, प्रभू गेला तरी कशाला? पण शेवटच्या भोजनाच्या रात्री त्यानेच शिष्यांना सांगितले होते की, त्याचे जाणे त्यांच्या हिताचे आहे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे त्याच्याहूनही मोठी कामे करतील. हे बोलणे मला पुष्कळ वर्षे कोड्यात टाकीत असे. युगांडातील एका इस्पितळाची हकीकत वाचली आणि थोडा उजेड पडला.

सन २००० मध्ये बेंजामिन वॉर्फ नावाचे अमेरिकन मेंदूचे सर्जन पत्नी व मुलांसह युगांडातील म्बाले या गावी गेले. तेथे ‘क्युअर’ या ख्रिस्ती संस्थेचे मुलांचे इस्पितळ आहे. डोक्यात पाणी साचून डोके फुगत चाललेली तान्ही बाळे घेऊन आया त्यांच्याकडे येऊ लागल्या. नेहमीचा उपचार म्हणजे मेंदूतून पोटापर्यंत बारीक नळी बसविणे. ही नळी कधी ना कधी तुंबते. शहरातील मूल तासाभरात इस्पितळात पोहोचते. खेड्यातील आईला मात्र तेवढी सवड मिळत नाही आणि बाळ हातचे जाते. म्हणून वॉर्फ यांनी दुर्बिणीतून मेंदूतच पाण्याला नवी वाट करून द्यायची आणि पाणी तयार करणारा भाग डागून टाकायचा, अशी दोन कामे एका शस्त्रक्रियेत जोडली. सन २००५ मध्ये त्यांनी ५५० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. एक वर्षाखालील बाळांमध्ये नुसती वाट करून दिल्यास शंभरात ४७ जणांना गुण येत असे. दोन्ही कामे एकत्र केल्यावर तो ६६ जणांना आला.

येथेच ते थांबले असते, तर एका चांगल्या माणसाची चांगली गोष्ट झाली असती. पण एका माणसाला दोनच हात असतात. सन २०१५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने हिशेब मांडला की, सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळू शकत नाही. इतकी रांग बाहेरून येणारे पाहुणे डॉक्टर कशी संपविणार? ते पंधरा दिवस येतात, शस्त्रक्रिया करतात आणि विमानाने परत जातात. मग एखाद्या रोग्याला रात्री ताप चढला की त्याच्या उशाशी उभा राहतो तो तिथलाच डॉक्टर. त्याला काम शिकविले असेल, तरच ती मदत टिकते.

वॉर्फ यांनी स्थानिक डॉक्टरांना शिकविले. जॉन मुगांबा हे युगांडाचे सर्जन त्यांच्याकडे तयार झाले. सन २००६ मध्ये वॉर्फ मायदेशी परतले, पण म्बालेतील काम चालूच राहिले. इतकेच नव्हे, तर दूरदेशीचे डॉक्टर तेथे शिकायला येऊ लागले.

हीच शस्त्रक्रिया पुढे व्हिएतनाममध्येही पोहोचली. हो ची मिन्ह शहरातील सर्जन आणि अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरातील सर्जन यांचे सहकार्य आधीपासून होते. त्याला आता आयपॅडची जोड मिळाली. दुर्बिणीतून जे व्हिएतनाममध्ये दिसे, तेच त्याच क्षणी अमेरिकेत दिसू लागले. तिकडच्या गुरूने बोटाने दाखविलेली जागा इकडच्या सर्जनला आपल्या पडद्यावर दिसे. सन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अशा १५ शस्त्रक्रिया झाल्या, कोणतीही मोठी गुंतागुंत झाली नाही, आणि पाचपैकी चार मुलांना नळीची गरज उरली नाही.

बंधुभगिनींनो, ह्या गुरूची अवस्था डोळ्यांसमोर आणा. तो सर्व पाहतो, बोलतो, जागा दाखवितो, पण शिष्याच्या हातातील हत्यार तो हिसकावून घेऊ शकत नाही. जवळ उभा असता, तर शिष्याचा हात जरा अडखळताच त्याने ‘सरक, मीच करतो’ म्हटले असते. दूर असल्यामुळे त्याला विश्वास टाकावाच लागतो.

प्रभूचे स्वर्गारोहण मला असेच वाटते. तीन वर्षे तो शिष्यांबरोबर चालला, जेवला, त्यांच्या चुका सुधारल्या, आणि गावोगावी दोघादोघांना पाठवून त्यांच्याकडून काम करून घेतले. मग तो नजरेआड झाला, पण आपल्या आत्म्याद्वारे जवळच राहिला. थोड्याच दिवसांनी मंदिराच्या दारात पेत्राने पांगळ्याचा उजवा हात धरला आणि त्याला उभे केले. हात पेत्राचा होता, सामर्थ्य येशूच्या नावाचे होते.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात मी मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवीत असे. बदली झाली तेव्हा लोक रडले. “फादर, तुमच्यामागे हे कोण करणार?” असे विचारू लागले. खरे सांगतो, मला ते ऐकून बरे वाटले. वर्षभरात तो वर्ग बंद पडला. तेव्हा कळले की, ज्या प्रश्नाने मी सुखावलो होतो, तोच माझ्यावरील ठपका होता. तीन होतकरू तरुण मदतीला येत असत. मी त्यांच्याकडून बाके उचलून घेतली, शिकवायला मात्र एकदाही उभे केले नाही.

आपल्याकडेही असे होत नाही ना? गायनवृंदात वर्षानुवर्षे एकच जण पेटीवर बसतो. आजाऱ्यांच्या भेटीला त्याच दोन भगिनी जातात. घरी आई म्हणते, “राहू दे, तुला जमायचे नाही.” आपल्याशिवाय काम अडते, ह्यात आपल्याला मोठेपणा वाटतो. प्रभूने मात्र आपल्यामागे काम अडू नये म्हणून शिष्य घडविले.

पुढच्या रविवारी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण आहे. ह्या आठवड्यात प्रत्येकाने एवढेच करावे: आपल्याला येणारे एक काम निवडावे, ते शिकू शकेल अशी एक व्यक्ती शोधावी, आणि तिला शेजारी बसवावे. ती चुकेल. तेव्हा हात पुढे न करता जवळ राहण्याची कृपा आपण पवित्र आत्म्याकडे मागू या. आमेन.